कोल्ड एअर इनटेक (पिकअप ट्रक)

कोल्ड एअर इनटेक म्हणजे इंजिनाच्या ज्वलनाला लागणारी हवा बॉनेटखालच्या तप्त भागातून न घेता बाहेरून, तुलनेने थंड अवस्थेत घेणारी हवामार्गाची जोडणी होय. वाहन खरेदी केल्यानंतर कारखान्याने दिलेला हवामार्ग काढून त्या जागी ती बसविली जाते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत पिकअप ट्रकसाठी अशा जोडण्यांची मोठी बाजारपेठ आहे. आपल्याकडे 'पिकअप' म्हटले की भाजीपाला किंवा सिमेंटची पोती वाहणारी गाडी डोळ्यांसमोर येते. अमेरिकेत मात्र हे वाहन घरगुती वापराचेही आहे. फोर्ड कंपनीची एफ मालिका १९७७ पासून तेथील सर्वाधिक खपाची ट्रक मालिका आहे. साहजिकच हौसेने गाडीत बदल करून घेणारा मोठा ग्राहकवर्ग तेथे निर्माण झाला. संपूर्ण संचाची किंमत साधारणतः ३०० ते ५०० डॉलर असते.

रचना

कारखान्याच्या मूळ रचनेत प्लॅस्टिकची बंद पेटी, तिच्यातील कागदी एअर फिल्टर, लवचीक नळी आणि हवेचा आवाज दाबणारी ध्वनिशामक पेटी असते. पर्यायी संचात रुंद व गुळगुळीत नळी, शंकूच्या आकाराचा मोठा फिल्टर आणि त्याला इंजिनाच्या उष्णतेपासून वेगळे ठेवणारा पडदा किंवा बंद पेटी असते. ध्वनिशामक पेटी बहुधा वगळलेली असते. फिल्टर तेल लावलेल्या सुती कापडाचा किंवा कोरड्या कृत्रिम धाग्यांचा असतो. दोन्ही प्रकार स्वच्छ करून पुन्हा वापरता येतात.

कार्यतत्त्व

दाब सारखा असताना हवेची घनता तिच्या निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. २० अंश सेल्सिअसची हवा ५० अंशांपर्यंत तापली, तर तिची घनता सुमारे ९ टक्क्यांनी घटते. म्हणजेच सिलिंडरमध्ये तेवढ्याच आकारमानात प्राणवायू कमी जातो. पेट्रोलच्या पूर्ण ज्वलनासाठी वजनाने एका भाग इंधनास १४.७ भाग हवा लागते; हवा कमी तर जाळता येणारे इंधनही कमी. शिवाय हवा तापलेली असल्यास नॉकिंग टाळण्यासाठी नियंत्रक संगणक ठिणगीची वेळ मागे सरकवतो आणि शक्ती आणखी घटते. दुसरा मुद्दा अडथळ्याचा. फिल्टर व नळी यांतून हवा ओढताना इंजिनाला जितका कमी विरोध होईल, तितके सिलिंडर चांगले भरतात.

प्रत्यक्ष लाभ

तत्त्व निर्विवाद आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष तितका सरळ नाही. आधुनिक पिकअपचा कारखान्यातील हवामार्ग मुळातच बहुधा जाळीमागून किंवा चाकावरील पत्र्याच्या पोकळीतून बाहेरची हवा घेतो. त्यामुळे 'थंड हवा' ही काही नव्या संचाची मिरास नव्हे. उलट ज्या स्वस्त संचात उघडा फिल्टर बॉनेटखालीच राहतो, तो रहदारीत थांबलेल्या गाडीत मूळ पेटीपेक्षा गरम हवा ओढू शकतो. नावावरून होणारा हा गैरसमज ग्राहकाने विशेष ध्यानात घ्यावा.

पेट्रोल इंजिनाची शक्ती थ्रॉटल झडपेने नियंत्रित होते. नेहमीच्या चालवण्यात ती अर्धवट बंद असल्याने हवेला खरा अडथळा तिचाच असतो. फिल्टर कितीही मोकळा केला तरी फरक जाणवत नाही. लाभ मिळतो तो झडप पूर्ण उघडून इंजिन उच्च फेऱ्यांवर चालविताना, आणि तोही मर्यादित. ३९५ अश्वशक्तीच्या व्ही-८ इंजिनात १० अश्वशक्तीची वाढ मानली, तरी ती अडीच टक्क्यांच्या आसपास भरते. अनेक चाचण्या बॉनेट उघडे ठेवून, समोर पंखा लावून घेतलेल्या असतात. रस्त्यावर गाडी तशी चालत नाही.

इंधन बचतीचा दावाही याच कारणाने टिकत नाही. ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या २००९ मधील अभ्यासात, इंधन अंतःक्षेपण असलेल्या आधुनिक गाड्यांत मुद्दाम तुंबवलेल्या फिल्टरनेही इंधनखर्चात लक्षणीय फरक पडला नाही.

टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात दाबलेली हवा इंटरकूलरमधून जात असल्याने प्रवेशाच्या वेळच्या तापमानाचा परिणाम बराच सौम्य होतो. डिझेल इंजिनात तर हवा सहसा गरजेपेक्षा जास्तच असते आणि शक्ती इंधनाच्या मात्रेवर ठरते. केवळ हवा वाढवून ती फारशी वाढत नाही.

मात्र एक बदल चालकाला हमखास जाणवतो, तो आवाजाचा. ध्वनिशामक पेटी गेल्याने वेग घेताना हवा शोषली जाण्याचा भारदस्त आवाज येतो आणि पुष्कळांना तोच वाढलेल्या शक्तीचा पुरावा वाटतो. आवाजासाठीच पैसे मोजणाऱ्याची अर्थात फसवणूक होत नाही.

इतिहास

ही कल्पना शर्यतीच्या गाड्यांतून आली. फोर्डने १९६४ च्या थंडरबोल्ट या गाडीत आतले दोन हेडलाइट काढून तेथून थेट कार्बोरेटरपर्यंत हवेच्या नळ्या नेल्या होत्या. तेल लावलेल्या सुती फिल्टरच्या प्रसारात कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या के अँड एन या कंपनीचा मोठा वाटा आहे.

धोके

फिल्टरकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते: हवा सहज जाऊ देणे, धूळ अडविणे आणि तुंबण्यापूर्वी पुरेशी धूळ साठविणे. आयएसओ ५०११ या मानकानुसार या तिन्हींचे मापन होते. एकीत वाढ केली की दुसरीत तडजोड करावी लागण्याचा संभव असतो. शेतरस्ते, वाळवंट, बांधकामाची जागा अशा ठिकाणी चालणाऱ्या ट्रकमध्ये सूक्ष्म धूळ सिलिंडरच्या भिंती व दट्ट्यांची कडी घासते. ही झीज हळूहळू होते आणि ध्यानात येईपर्यंत इंजिन तेल खाऊ लागलेले असते.

सुती फिल्टरला तेल जास्त लागल्यास ते उडून वायुप्रवाह मोजणाऱ्या संवेदकाच्या नाजूक तारेवर बसते. संवेदकाजवळील नळीचा व्यास मूळ व्यासाहून वेगळा असल्यासही मापन चुकते, इंधनाचे प्रमाण बिघडते आणि इंजिनाचा इशारादिवा लागतो. फिल्टर फार खाली बसविला असेल तर साचलेल्या पाण्यातून जाताना पाणी सिलिंडरमध्ये शिरू शकते. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. वर येणारा दट्ट्या अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो.

कायदा

अमेरिकेत वाहनाच्या प्रदूषण नियंत्रण यंत्रणेत ढवळाढवळ करण्यास स्वच्छ हवा कायद्याने मनाई आहे. कॅलिफोर्नियाचे नियम त्याहून काटेकोर आहेत. तेथील वायुसंसाधन मंडळाने संबंधित संचाला 'एक्झिक्युटिव्ह ऑर्डर' क्रमांक दिलेला असावा लागतो. प्रदूषण तपासणीत बॉनेटखालचे भाग डोळ्यांनी पाहिले जातात. विनापरवाना संच आढळल्यास गाडी नापास होते. हा क्रमांक संचामुळे प्रदूषण नियंत्रणास बाधा येत नाही एवढेच सांगतो. जाहिरातीतील अश्वशक्तीशी त्याचा संबंध नाही.

बाहेरचा भाग बसविला म्हणून हमी आपोआप रद्द होते, ही समजूत चुकीची आहे. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यानुसार केवळ त्या कारणावरून कंपनीला हमी नाकारता येत नाही. बिघाड त्या भागामुळेच झाला हे दाखवावे लागते. पाणी शिरून वाकलेल्या रॉडच्या बाबतीत ते दाखविणे कंपनीला फारसे अवघड जात नाही.