शहराचा कर, खेड्याचे काम



मी अर्थशास्त्राचा पंडित नव्हे. माझी शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीतल्या फायली, कामगार कायद्याची पुस्तके आणि सार्वजनिक वाचनालयातली वर्तमानपत्रे यांच्या जोरावर. तेव्हा करासारख्या विषयावर बोलताना मी आकडेमोड करीन ती कामगाराच्या पगारपत्रकात मावेल एवढीच.

गेल्या मार्च महिन्यात भोसरीला एका कारखान्याच्या गेटवर आमची सभा होती. सभा आटोपल्यावर एक तरुण कामगार पगारपत्रक घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, पी.टी.चे दर महिन्याला दोनशे कापतात. फेब्रुवारीत तीनशे कापले. कंपनीने शंभर रुपये हाणले की काय?"

या खेपेस कंपनी निर्दोष होती, आणि तसे मी त्याला सांगितले. (अशी संधी आम्हांस क्वचितच मिळते.) पी.टी. म्हणजे व्यवसाय कर. ज्या पुरुष कामगाराचा पगार महिन्याला १०,००० रुपयांच्या वर आहे त्याच्याकडून अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे असे वर्षाचे २,५०० रुपये घेतले जातात. बायकांना महिना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर माफ आहे. ही सवलत १ एप्रिल २०२३ पासूनची. एवढे ऐकून त्याचे समाधान झाले नाही. त्याने दुसरा प्रश्न विचारला, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा होता. "पण हे पैसे जातात कुठे?"

आजचे माझे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. गेटवर ते पाच मिनिटांत देता आले नाही, कारण त्यात एक माणूस आहे, एक दुष्काळ आहे आणि एक कायदा आहे.

माणसाचे नाव विठ्ठल सखाराम पागे. स्वातंत्र्यलढ्यात भाग घेतलेले, गांधीविचारांचे, संतवाङ्मयात रमणारे गृहस्थ. १९६० पासून १९७८ पर्यंत ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. आता सभापतीचे आसन कसे असते हे आपण जाणता. मान मोठा, पण हाती खाते नाही, तिजोरी नाही. आपल्या भागातल्या लोकांना कामधंदा मिळवून द्यावयाचा तर मंत्री असलेला पुढारी एखादा कारखाना आणतो, एखादी नोकरभरती वळवतो. सभापतीला ते शक्य नाही. पागे यांनी दुसरी वाट धरली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना ते पत्रे लिहीत राहिले, कल्पना मांडीत राहिले. कल्पना अशी की, खेड्यातला जो कोणी अंगमेहनतीचे काम मागेल त्याला सरकारने काम दिलेच पाहिजे. मेहेरबानी म्हणून नव्हे, हक्क म्हणून. १९६९ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात विसापूर येथे या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. १ मे १९७२ रोजी ती योजना साऱ्या राज्यासाठी जाहीर झाली.

आणि त्याच वर्षी पाऊस गेला.

माझा जन्म त्या दुष्काळातला, माण तालुक्यातला. म्हणून मी जे सांगतो ते आईच्या तोंडून ऐकलेले. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायांची रांग, झाडाला बांधलेल्या झोळ्या, दुपारी मिळणारी सुकडी, आणि रेशनवरचा तो तांबडा मिलो, ज्याची भाकरी आईच्या म्हणण्याप्रमाणे थापता थापता तुटायची. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. नवी योजना त्या काळापुरती बाजूला ठेवून दुष्काळी कामेच चालवावी लागली. परंतु त्या दोन वर्षांनी सरकारला एक गोष्ट शिकवली. एवढ्या माणसांना काम पुरवणे, हजेरीपट ठेवणे, मोजमाप घेऊन आठवड्याला मजुरी वाटणे, हे अवघड असले तरी अशक्य नाही.

दुष्काळ सरला तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. दुष्काळात पैसा कोठून तरी येतोच. दिल्ली देते, लोक देतात. दुष्काळ नसताना, रोजच्या उपासमारीसाठी कोण देणार? जवळच पुण्यात वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावरच्या आपल्या अभ्यासात म्हटलेच होते की, ग्रामीण गरिबांना काम पुरवावे आणि त्याचा भार सुस्थितीतल्या लोकांनी उचलावा. महाराष्ट्राने ते पुस्तकात राहू दिले नाही. १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला आणि पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्यावर कर बसला. जोडीला मोटारींवरचा जादा कर, विक्रीकरावरचा जादा भार, शहरातल्या बिगर-निवासी इमारतींवरचा उपकर, आणि ओलिताच्या जमिनीवरची खास आकारणी. या सगळ्यांतून जेवढे जमेल तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालावयाची, असा नियम ठरला. म्हणजे कामगाराने एक रुपया दिला की सरकारचा दुसरा रुपया त्याच्या शेजारी येऊन बसावयाचा.

१९७७ साली रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने संमत झाला. त्या वेळी परिषदेचे सभापती पागेच होते. २६ जानेवारी १९७९ रोजी तो अमलात आला. संमत झाला तेव्हा मुख्यमंत्री वसंतदादा पाटील होते, अमलात आला तेव्हा शरद पवार. मधल्या काळात सरकार बदलले आणि ते कसे बदलले हेही आपणांस ठाऊक आहे. तरी कायद्याला कोणी हात लावला नाही.

कायदा काय सांगत होता? अठरा वर्षांवरील कोणीही ग्रामीण माणसाने काम मागितले की १५ दिवसांच्या आत काम द्यावयाचे, शक्यतो घरापासून ५ किलोमीटरच्या आत. न दिल्यास दिवसाला किमान १ रुपया बेकारी भत्ता. ठेकेदार नको. खर्चातला किमान ६० टक्के भाग अकुशल मजुरीचाच असला पाहिजे. बाई आणि पुरुष यांना एकच दर. कामावर पिण्याचे पाणी, सावली, लहान मुले सांभाळण्याची सोय. यातली शेवटची कलमे कागदावर किती आणि माळावर किती, हे विचारू नये. पण एकच दर मात्र खरा होता. मापाप्रमाणे पैसे; खड्डा कोणी खणला हे फूटपट्टीला कळत नाही. आईला शेतावर गड्याच्या निम्मी मजुरी मिळे. तळ्याच्या कामावर बरोबरीने मिळाली तेव्हा तिने ती दोनदा मोजली.

ते तळे म्हणजे आमच्या गावाखालचा पाझर तलाव, १९८२-८३ चा सुमार. मी दहा-अकरा वर्षांचा. पाणी वाहून नेण्याचे काम माझ्याकडे असे. मजुरी आठवड्याला मिळावयाची ती कधी चार चार आठवडे मिळत नसे, मुकादमाच्या हजेरीपटावर गावात नसलेली नावेही असत, आणि नवे काम सुरू करावयास किमान ५० मजूर लागतात म्हणून वाडीवरची वीस माणसे नुसती ताटकळत. बेकारी भत्ता मिळालेला माणूस मी तरी पाहिला नाही. हे सारे मी लपवीत नाही. तरीही त्या दोन वर्षांत आम्ही ऊसतोडीला गेलो नाही. मी शाळेत राहिलो. आठवीपर्यंतचे जे शिक्षण झाले ते त्याच तळ्याच्या मातीवर.

आता त्या तरुण कामगाराच्या मनात जो प्रश्न होता, पण त्याने भीडेखातर विचारला नाही, तो घेतो. गावाकडच्या माणसासाठी मी का द्यावे? माझे तरी कुठे भागते?

याचे एक उत्तर धर्माचे आहे. ते पागे यांनी दिले असते आणि त्यांना ते शोभलेही असते. मी युनियनचा माणूस, मी गेटचे उत्तर देतो. आपण पगारवाढ मागतो तेव्हा मालक खिडकीतून बाहेर बोट दाखवतो. बाहेर पन्नास पोरे उभी असतात, निम्म्या पगारावर, ठेकेदाराच्या चिठ्ठीवर काम करावयास तयार. ती पोरे येतात कोठून? जत, आटपाडी, माण, आष्टी, पाटोदा. गावात पोट भरत नाही म्हणून येतात. ज्याला गावात ठराविक दराने काम मिळण्याची खात्री आहे तो शहरात येईलच, पण तो पडेल त्या भावाने स्वतःला विकणार नाही. गावातला शेतमालकही मग मजुरी वाढवतो, कारण बाई म्हणते, मी तळ्यावर जाते. खेड्यातल्या हमीमुळे शहरातल्या कामगाराच्या मागणीखाली जमीन येते. चौतीस वर्षे गेटवर उभा राहून मी हे पाहिले आहे. दर महिन्याचे दोनशे रुपये ही माझ्या मते युनियनचीच दुसरी वर्गणी आहे.

पण कराचा हेतू न्याय्य असला म्हणजे कर न्याय्य झाला असे नव्हे. इथे माझे पागे यांच्याशी नाही, पण घटनेच्या एका कलमाशी भांडण आहे. कलम २७६ प्रमाणे व्यवसाय कर एका माणसाकडून एका वर्षात ठराविक रकमेपेक्षा जास्त घेता येत नाही. १९५० साली ती मर्यादा २५० रुपये होती. १९८८ च्या घटनादुरुस्तीने ती २,५०० झाली. तेव्हापासून हललेली नाही. १९८८ साली अडीच हजार रुपये वर्षाला भरणारा माणूस मोठा असामी असे. आज महिन्याला १२,००० मिळवणारा हेल्पर ते भरतो. त्याच्या वर्षाच्या १,४४,००० रुपयांतले शंभरातले पावणेदोन रुपये जातात. त्याच कारखान्याचा संचालक महिन्याला ५ लाख घेत असेल तर त्याचेही अडीच हजारच, म्हणजे शंभरात चार पैसे. ओझे एकाच वजनाचे. मात्र एक जण ते डोक्यावर घेतो आणि दुसऱ्याच्या ते खिशातही जाणवत नाही. जो कर श्रीमंताकडून गरिबाकडे पैसा नेण्यासाठी बसवला, तो आता बऱ्याच अंशी कमी गरिबाकडून जास्त गरिबाकडे नेतो.

अन्याय दुसऱ्या टोकालाही आहे. आमच्या तळ्याचे पाणी तळ्याखालच्या विहिरींना लागले. तिथे आज डाळिंबाच्या बागा आहेत. विहिरी ज्यांच्या होत्या त्यांच्या पिढ्या सुधारल्या, हे चांगलेच झाले. ज्यांनी पाट्या वाहिल्या त्यांना मजुरी मिळाली आणि हिशेब मिटला. ओलितावरची आकारणी याच तोलासाठी होती, पण पगारातून कापणे सोपे आणि बागायतदाराकडून वसूल करणे अवघड, हे कोणत्याही तहसील कचेरीला न सांगता कळते.

आणि आता पैसे जातात कुठे. २००५ साली केंद्राने महाराष्ट्राची वाट पाहूनच देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला. त्यात कुटुंबाला वर्षाला १०० दिवसांची मर्यादा होती. पागे यांच्या कायद्यात दिवस मोजलेले नव्हते. २००६ पासून अकुशल मजुरीचा तेवढा भार दिल्लीने उचलला. इकडे व्यवसाय कर चालूच राहिला. जमा केलेला कर हमीच्या निधीत पूर्ण आणि वेळेवर भरला जात नाही, असे महालेखापरीक्षकांच्या अहवालांत एकाहून अधिक वेळा आले आहे. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. दिवस १२५ केले, आणि खर्चाचा ४० टक्के वाटा आपल्यासारख्या राज्यांवर टाकला. म्हणजे महाराष्ट्राला पुन्हा आपल्या खिशात हात घालणे आले. खिसा १९७५ पासून शिवलेला आहे. त्यात किती शिल्लक आहे, एवढेच विचारावयाचे आहे.

ते विचारण्यासाठी आम्ही माहितीच्या अधिकाराचा अर्ज तयार केला आहे. मागील दहा वर्षांत व्यवसाय कर किती जमला, निधीत किती गेला, सरकारने आपली बरोबरीची भर किती घातली आणि त्यातून मजुरी किती वाटली, असे चार प्रश्न. अर्जाचा मसुदा त्या तीनशे रुपयेवाल्या तरुणानेच लिहिला. मी फक्त दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, त्यातले एक मागाहून त्याचेच बरोबर निघाले.