बाटली कुठली घेऊ?

बचत गटाच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब आटोपला, चहा झाला, की एखादी तरुण मुलगी हळूच मागे थांबते. बाकीच्या बायका चपला घालून बाहेर पडल्या, की विचारते, "ताई, बाळाच्या पोटात फार गॅस धरतो. संध्याकाळी सहाला सुरू होतं ते नऊपर्यंत रडतं. गॅस न होणारी बाटली मिळते म्हणे, कुठली घेऊ?" भोसरी, मोशी, कुरुळी, म्हाळुंगे, कुठेही जा, प्रश्न हाच.

मैत्रिणींनो, प्रश्न बाटलीचा वाटतो, पण त्याच्या आत बरंच काही दडलेलं असतं. चाकणच्या एमआयडीसीभोवती दहा बाय दहाच्या खोल्या आहेत. कुणी बीडहून आलेलं, कुणी परभणीहून, कुणी यवतमाळहून. नवरा रात्रपाळी करून आलेला, त्याला झोप हवी. भिंतीला कान लावायचीही गरज नाही, शेजारचं बाळ रडलं तर आपल्याच खोलीत रडल्यासारखं वाटतं. घरमालकीण दोनदा विचारून जाते, "काय झालंय काय पोराला?" गावाकडून फोनवर सासूबाई सांगतात, "तुझं दूध बाधतंय त्याला, वरचं सुरू कर." आणि बाळंतीण बिचारी मेडिकलच्या दुकानात जाऊन उभी राहते.

तेव्हा आधी हे रडणं काय असतं ते बघू. डॉक्टर याला कोलिक म्हणतात. मॉरिस वेसेल नावाच्या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी 1954 मध्ये त्याची एक सोपी खूण सांगितली. धडधाकट, नीट दूध पिणारं बाळ दिवसात तीन तासांपेक्षा जास्त, आठवड्यात तीनपेक्षा जास्त दिवस आणि तीन आठवड्यांहून अधिक काळ असं रडत असेल तर ते कोलिक. जन्मानंतर दोन-तीन आठवड्यांनी ते सुरू होतं, दीड महिन्याच्या सुमारास अगदी कळस गाठतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. अंगावर पिणाऱ्या बाळालाही होतं, बाटलीवरच्यालाही होतं. नक्की कारण अजून कुणाला सापडलेलं नाही. आणि एक गंमत ऐका. पोट फुगलं म्हणून बाळ रडतं असं आपण म्हणतो, पण पुष्कळदा उलटं असतं. तासभर रडताना ते हवा गिळतं आणि म्हणून पोट टम्म होतं.

याचा अर्थ असा, की अंगावरचं दूध तोडून बाटली लावल्याने कोलिक थांबत नाही. डाळ नको, कोबी नको, वांगं नको करत बाळंतिणीला नुसत्या मऊ भातावर ठेवण्यानेही थांबत नाही. आईच्या पोटातला गॅस दुधात उतरत नाही हो! तिला चारीठाव जेवू द्या. फार तर इतकं करा, की बाळाला एका बाजूचं पूर्ण पिऊ द्यावं, मगच दुसऱ्या बाजूला घ्यावं.

पण "बाटली नकोच" एवढं सांगून मोकळं होणं मला पटत नाही. ज्या बाईला पंचेचाळिसाव्या दिवशी कंत्राटदाराचा फोन येतो, "येणार आहेस का दुसरी बघू?", तिला दूध दुसऱ्याच्या हाती सोपवावंच लागतं. कायदा काय म्हणतो ते तिला कुणी सांगितलेलं नसतं. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. आधीच्या बारा महिन्यांत 80 दिवस काम केलेलं असलं की कंत्राटी बाईलाही ती लागू होते. ईएसआयचं कार्ड असेल तर ते पैसे ईएसआयकडून मिळतात. कामावर परतल्यावर मूल पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा दूध पाजायला वेळ द्यायचा, पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर ठेवायचं, हेही कायद्यात आहे. या रजेचा बाटलीशी काय संबंध? असा, की पूर्ण रजा मिळाली तर आई कामावर जाईपर्यंत बाळ सहा महिन्यांच्या आसपास आलेलं असतं. कोलिक सरलेला असतो, वरचं खाणं सुरू व्हायला आलेलं असतं, वाटीने दूध घेता येतं. ज्यांची रजा बुडते त्यांनाच बरोब्बर रडण्याच्या ऐन भरात बाटली लागते.

ही गोष्ट नवी नाही. 1920 च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत जाणाऱ्या कितीतरी बायका तान्ह्या बाळाला अफूची गोळी देऊन कामावर जात. बाळ दिवसभर गुंगीत पडून राही. मुंबई इलाख्यात 1929 मध्ये बाळंतपणाच्या रजेचा कायदा झाला, तो देशातला अशा प्रकारचा पहिला. शंभर वर्षं होत आली. आता अफू नाही, पण "काहीतरी द्या हो, शांत झोपेल असं" हे मेडिकलवाल्याला सांगणं अजून आहे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला ग्राइप वॉटर, घुटी, ओव्याचं पाणी यातलं काही नको. पोटदुखीचं औषध आपल्या मनाने तर मुळीच नको.

आता बाटली. दुकानात शंभर रुपयांपासून हजाराच्या वरपर्यंत मिळतात आणि महाग बाटलीवर कोलिक कमी होतो असं ठसठशीत छापलेलं असतं. त्यामागची युक्ती साधी आहे. बाळ ओढतं तेव्हा बाटलीत पोकळी तयार होते, निपल आत चेपतं, बाळ ते सोडून पुन्हा धरतं आणि त्या भानगडीत हवा गिळतं. म्हणून या बाटल्यांत हवा आत जायला वेगळी वाट ठेवतात. कुठे निपलच्या कडेला बारीक झडप असते, कुठे आत नळी बसवलेली असते. त्याने हवा थोडी कमी गिळली जाऊ शकते. कोलिक बरा होतो असं मात्र कुणी छातीठोकपणे सिद्ध केलेलं नाही. आणि नळी, झडप, चकती असे पाच-सहा भाग प्रत्येक वेळी सुटे करून ब्रशने घासायचे, उकळायचे. पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हा हंडे भरून ठेवणाऱ्या घरात या नळ्या कशा धुतल्या जात असतील ते तुम्हीच सांगा. नळीत साचलेलं दूध आंबलं तर गॅस परवडला, असे जुलाब होतात. म्हणून माझं मत विचाराल तर रुंद तोंडाची, सरळ, कमी भागांची बाटली. निपलला हवेची झडप असली तर उत्तम, आतली नळी नकोच.

आयएसआयची खूण बघूनच घ्या, आपल्याकडे बाटलीला ती कायद्यानेच लागते. बुडाशी त्रिकोणात 5 आकडा आणि पीपी अक्षरं असली तर ते प्लास्टिक चालतं. आत चरे पडले, रंग गढूळ झाला की टाकून द्या. थोरलीची बाटली धाकट्याला नको. काचेची स्वच्छ निघते, पण जड, आणि फरशीवर पडली की संपलं. स्टीलच्याही मिळतात, पण आत किती दूध उरलं ते दिसत नाही.

बाटलीपेक्षा महत्त्वाचं निपलचं भोक. बाटली उलटी धरा. थेंब-थेंब पडायला हवं, साधारण सेकंदाला एक. धार लागली तर बाळ गटागटा गिळतं, ठसकतं. फारच बारीक असेल तर ओढून ओढून दमतं आणि हवाच पोटात जाते. लवकर संपावं म्हणून सुईने भोक मोठं करणाऱ्या आज्या मी पाहिल्यात, कृपा करून तसं करू नका. बाळाला आडवं झोपवून, उशीला बाटली टेकवून निघून जाणं तर अजिबात नाही. डोकं वर, बाळ तिरकं, निपल दुधाने पूर्ण भरलेलं. मध्ये दोनदा थांबून खांद्यावर घ्या, ढेकर काढा. पावडरचं दूध असेल तर आधी पाणी, मग डब्यावरच्या मापाने सपाट चमचे. जोरजोरात हलवलं की फेस होतो, आणि फेस म्हणजे हवाच. हळू फिरवा, फेस बसू द्या. डबा पुरवायचा म्हणून पातळ करू नका.

एक गोष्ट पुष्कळ जणींना ठाऊक नसते. बाटलीची आणि बाळाच्या दुधाच्या पावडरची जाहिरात करणं, मोफत नमुने किंवा भेटवस्तू देणं आपल्या देशात 1992 च्या कायद्याने बंद आहे. 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. तेव्हा कुणी प्रेमाने डबा हातात ठेवलाच तर तो का ठेवतोय याचा विचार करा.

बाटलीच्या आधी आपल्याकडे काय होतं? बोंडलं. चोचीची ती छोटीशी वाटी. चांदीची असो की पितळेची, घासली की लख्ख. आजही बालरोगतज्ज्ञ वाटी-चमचाच आधी सुचवतात. त्यात निपल नाही, पोकळी नाही, कुठे दूध अडकत नाही. बाळाला उभट धरायचं, वाटीची कड खालच्या ओठाला टेकवायची, ओतायचं नाही, त्याचं ते जीभ काढून चाटतं. पहिले दोन दिवस सांडतं, मग शिकतं. आईने स्वच्छ हातांनी काढून ठेवलेलं दूध झाकून खोलीत चार तास टिकतं, फ्रीजमध्ये चोवीस तास. पत्र्याच्या खोलीत एप्रिल-मेच्या उकाड्यात मात्र चार तासांवर विसंबू नका. गरम करायचं तर भांडं कोमट पाण्यात ठेवून, गॅसवर नाही.

म्हाळुंग्यातल्या एका मुलीने तसंच केलं. पहिल्या पाळीला जाताना दूध काढून ठेवायची, घरमालकीण वाटीने पाजायची. तीच घरमालकीण, जी रडण्याची तक्रार घेऊन यायची. संध्याकाळी बाळाला पालथं आपल्या हातावर घेऊन, पोट तळव्यावर टेकवून ती ओट्यावर फेऱ्या मारायची. बाळ रडायचं ते रडायचंच. चौथ्या महिन्यात थांबलं.

ताप 100.4 च्या वर गेला, हिरवी उलटी झाली, शीत रक्ताची झाक दिसली, पोट कडक फुगलं किंवा बाळ दूधच ओढेनासं झालं, मलूल पडलं, तर तो कोलिक समजू नका. तेव्हा रात्र आहे, नवरा पाळीवर आहे, असं म्हणत बसू नका. शेजारणीला उठवा, रिक्षा करा आणि जवळच्या सरकारी रुग्णालयात जा. आशाताईंचा नंबर भिंतीवर आधीच लिहून ठेवा.