पद मिळाल्यावर स्वतःकडे कसे पाहायचे?

आपल्या समाजातील अनेक तरुण-तरुणी आज घरातील पहिल्या पिढीतले अधिकारी, शाखा व्यवस्थापक, मुख्याध्यापक किंवा टीम लीडर आहेत. खुर्ची मिळाली की हळूहळू एक गोष्ट घडते. हाताखालचे लोक खरे बोलायचे थांबतात. साहेबांचा मूड पाहून फाईल पुढे सरकते, चुकीच्या निर्णयालाही ‘हो सर’ म्हटले जाते. म्हणून स्वतःला ओळखण्याची सर्वाधिक गरज पदावरच्या माणसाला असते.

करण्यापूर्वी, करताना, केल्यानंतर

मज्झिम निकायातील अंबलट्ठिक राहुलोवाद सुत्तात तथागत राहुलाला आरशाचा उपयोग विचारतात. आरसा जसा पाहण्यासाठी, तसे काया, वाचा आणि मनाचे प्रत्येक कर्म पाहून, तपासून करावे, असा त्यांचा उपदेश आहे. ही तपासणी तीन वेळा करायची : कर्मापूर्वी, कर्म चालू असताना आणि नंतर. कसोटी एकच, यातून मला, इतरांना किंवा दोघांना अपाय होतो का?

कार्यालयात हे रोज करता येते. रागात लिहिलेला मेसेज पाठवण्यापूर्वी थांबणे, बैठकीत आपला आवाज चढतोय हे त्याच क्षणी ओळखणे आणि संध्याकाळी दिवसातला एखादा प्रसंग पुन्हा तपासणे. कृतीत किंवा बोलण्यात चूक दिसली, तर ती जाणत्या सोबत्यांपुढे उघड करावी, असेही हे सुत्त सांगते.

दुसऱ्यांना विचारण्याची रीत

एकट्याने केलेले चिंतन मात्र पुरत नाही. आपल्या दोषावर आपणच पांघरूण घालतो. म्हणूनच संघात पवारणेची प्रथा आहे. वर्षावास संपताना प्रत्येक भिक्खू संघाला विनंती करतो, की माझा दोष दिसला, ऐकला किंवा तशी शंका आली असेल तर सांगा. संयुत्त निकायातील पवारणा सुत्तात तर स्वतः तथागत हा प्रश्न भिक्खुसंघाला विचारतात. बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील विभूतिपूजेच्या धोक्याचा इशारा दिला होता. आपल्या संघटनांच्या अध्यक्षांनाही तो लागू आहे.

टीका आणि भेदभाव

इथे आपल्यापुढे वेगळा पेच असतो. टीका कामावर आहे की जातीवर? ती एखाद्या ठरावीक कामाबद्दल, ठरावीक प्रसंगाबद्दल आहे का? त्याच पदावरच्या दुसऱ्या माणसालाही हीच पट्टी लावली असती का? दोन्हींचे उत्तर ‘हो’ असेल, तर सुधारणा करावी. पट्टी वेगळी दिसली, तर तारखेसह लेखी नोंद ठेवून नियमाने दाद मागावी. भेदभाव खरा आहे, पण आपली प्रत्येक चूक त्याच्या खात्यावर टाकता येत नाही. तसेच सततच्या संशयाखाली काम करताना साचलेला राग आपल्याच कनिष्ठांवर निघत नाही ना, हेही पाहावे.

सुरुवात कशी करावी?

महिन्यातून एकदा, शिपायापासून सहकाऱ्यापर्यंत, एकाला निवांत विचारा, ‘माझ्या वागण्यातले काय थांबले तर तुमचे काम सोपे होईल?’ उत्तर ऐकताना खुलासा देऊ नका. काय बदलले ते आठवड्याभरात सांगा. आणि खरे बोलणाऱ्याची ड्युटी, रजा किंवा गोपनीय अहवाल यांवर त्याचा परिणाम होऊ देऊ नका. तो एकदा जरी झाला, तरी पुन्हा कोणी तोंड उघडणार नाही.