गिटार घडविण्याची शाळा

वाद्य वाजवायला शिकविणारे वर्ग गावोगावी असतात. वाद्य घडवायला शिकविणारे फार थोडे. अमेरिकेत अ‍ॅरिझोना राज्यातील फिनिक्स शहरात १९७५ साली रॉबर्टो-व्हेन ही अशी एक शाळा निघाली. ब्रिटनमध्येही आता लहान-मोठ्या कार्यशाळा आहेत. हौशी माणसे तेथे आठवडा-दोन आठवडे अंगावर लाकडाचा भुसा घेत राबतात आणि स्वतःच्या हातची इलेक्ट्रिक गिटार घेऊन घरी परततात. कोणी म्हणेल, हे खूळ आहे. आम्हांला तसे वाटत नाही.

कारण तेथे पहिला धडा गणिताचा असतो. गिटारच्या मानेवर धातूच्या बारीक पट्ट्या आडव्या बसविलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. तारेच्या लांबीला १७.८१७ ने भागायचे; उत्तर येईल तितक्या अंतरावर पहिला फ्रेट. उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागायचे, की दुसरा. २४ इंचांच्या तारेवर पहिला फ्रेट साधारण १.३५ इंचांवर येतो आणि बारावा बरोबर मध्यावर, १२ इंचांवर. शाळकरी मुलालाही जमेल अशी ही आकडेमोड! पण करवत जरा सरकली की सूर कानाला खटकतो. तेथे सबबी चालत नाहीत.

दुसरा धडा विजेचा. चुंबकांभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे घ्यायचे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत बारीकसा प्रवाह निर्माण होतो. तोच मोठा करून लाउडस्पीकरमधून ऐकवितात. फॅरडेचा नियम आपली मुले परीक्षेपुरता पाठ करतात, येथे तो बोटांनी गुंडाळावा लागतो. शिवाय सहा तारा मिळून मानेवर चाळीस-पंचेचाळीस किलोंचा ताण देतात, म्हणून आत पोलादी सळई बसवावी लागते.

काही जण तयार भाग आणून नुसते जोडतात. त्यात हौस भागते, हात तयार होत नाही.

आणि शाळाच जवळ नसेल तर? लंडनजवळच्या फेल्टम येथे ब्रायन मे या सोळा वर्षांच्या मुलाला चांगली गिटार हवी होती, पण विकत घेण्याची ऐपत घरात नव्हती. वडील हॅरॉल्ड इलेक्ट्रॉनिक्सचे आराखडे काढणारे नोकरदार. ऑगस्ट १९६३ मध्ये बापलेक कामाला लागले. मान केली जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून. त्याला किडीने पाडलेली भोके आगकाड्या भरून बुजविली. धडासाठी मोडक्या टेबलाचे ओक लाकूड घेतले. मोटारसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याची बटणे, विणायच्या सुईचे टोक, सारे कामी आले. चुंबकांवरचे वेढे मात्र मनासारखे वाजेनात; ते भाग शेवटी विकत आणले. सर्व मिळून खर्च आठ पौंडांच्या आसपास आणि वेळ सुमारे दोन वर्षे.

पुढे क्वीन या वाद्यवृंदाच्या जवळजवळ सर्व ध्वनिमुद्रिकांत हीच गिटार वाजली. त्याच वृंदाचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेलच.

गंमत अशी की, ज्या वडिलांनी मुलाला गिटार घडवायला शिकविले, त्यांनाच मुलाने गिटारवर पोट भरावे हे रुचले नाही. ब्रायन खगोलशास्त्रात पीएच.डी. करीत होता, १९७४ च्या सुमारास त्याने ती अर्धवट सोडली, तेव्हा घरात अबोला धरण्यापर्यंत वेळ आली. पुढे मने जुळली. ब्रायनने तो प्रबंध २००७ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात पूर्ण केला. ते पाहायला हॅरॉल्ड हयात नव्हते.