कवडी, गुंडी आणि राणीछाप रुपया

पुसद, दिग्रस, उमरखेड या भागातल्या तांड्यांवर एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या पेटीतून नाण्यांचा हार निघतो. आधी डोळ्यांत भरतं ते त्याचं वजन. नंतर एकेक नाणं उलटंपालटं करून पाहिलं की त्यात पिढ्या दिसायला लागतात. व्हिक्टोरिया राणीचा मुखडा असलेला रुपया, मग एडवर्ड, मग जॉर्ज, त्यानंतर स्वतंत्र भारताची चार सिंहांची मुद्रा. प्रत्येक नाण्याच्या डोक्यावर एक बारीक कडी डाक लावून बसवलेली असते. आईच्या हारात लेक भर घालते, लेकीच्या हारात नात. त्यामुळे अख्खा हार एकाच वर्षी घडवलेला असा क्वचितच असतो.

नाणकशास्त्र शिकलेलं नसलं तरी हा हार वाचता येतो. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळ्याचा, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. १९४० पासून सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९४७ च्या रुपयात चांदी उरलीच नाही, तो निकेलचा झाला. मधल्या युद्धाच्या वर्षांत, १९४३ पासून, भोकाचा पैसा निघाला, ओवायला आयताच. पुढे ॲल्युमिनियमची हलकी नाणी आली. बाजारात त्यांची किंमत काही का असेना, गळ्यात ती चमकत होती आणि एकमेकींवर आपटून वाजत होती. चांदी संपली म्हणून हार करायचं कुणी थांबवलं नाही. जे हाताशी आलं ते हारात गेलं.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बंजारा स्त्रियांच्या साजाचं मर्म इथेच आहे.

बंजारा समाज मूळचा वाटेवरचा. हजारो बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून तांडे देशभर फिरत, मोगल फौजांना रसद पुरवत. घर नाही, तिजोरी नाही, तेव्हा मिळकत ठेवायची कुठे? अंगावर. बाईच्या गळ्यात, दंडात आणि वेणीत कुटुंबाची पुंजी असे, आणि अडीनडीला तीच मोडता येई. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. बैलांवरची वाहतूक हळूहळू बसली आणि तांडे वऱ्हाडच्या डोंगरकुशीत स्थिरावले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा बट्टा ठिकठिकाणच्या बंजाऱ्यांच्या माथी बसला, तो १९५२ मध्ये कायदा रद्द होईपर्यंत पुसला गेला नाही. त्याच समाजातले, पुसद तालुक्यातल्या गहुली गावात जन्मलेले वसंतराव नाईक १९६३ मध्ये राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि ११ वर्षांहून अधिक काळ त्या पदावर राहिले. या साऱ्या उलथापालथीत बायकांच्या अंगावरचा साज मात्र वाटेवरच्या दिवसांची आठवण धरून राहिला.

त्या साजाची नावं बंजाऱ्यांच्या गोरबोलीतून आलेली. गालांच्या दोन्ही बाजूंनी केसांत गुंफून खाली सोडलेल्या घुगऱ्या, त्यांच्याबरोबरची चांदीची टोपली. घुगरी-टोपली ही लग्न झालेल्या बाईची खूण. आपल्याकडे मंगळसूत्राचं जे स्थान, तेच तिचं. वेणीत गुंफलेला चोटला, गळ्यात ताठ हासली, नाकात भुरिया आणि कोपराच्या वर दंडापर्यंत चढत गेलेल्या बलिया. या बलिया एके काळी हस्तिदंताच्या असत. त्या परवडेनात तेव्हा हाडाच्या आणि शिंगाच्या आल्या. हस्तिदंताच्या व्यापारावर बंदी आल्याला तर आता तीन दशकं उलटली. आज म्हाताऱ्यांच्या दंडांवर दिसतात त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या. त्यांना कुणी नकली म्हणत नाही. रंग तोच, रांग तीच, आणि बाई सुवासिनी आहे हे सांगणंही तेच.

कवडीचं काम सगळ्यांत देखणं. ते पाहायला हातात गणो घ्यावा. घागर डोक्यावर घेताना जी चुंबळ लागते तिला गोरबोलीत फुलिया म्हणतात. तिच्यामागून मानेवर आणि पाठीवर रुळणारा भरजरी दिसणारा कापडी पट्टा म्हणजे गणो. त्यात जरीचा एक तारही नसतो. जुन्या कापडाचे थर एकावर एक ठेवून जाड धाग्याने शिवलेले असतात. त्यावर लाल, निळ्या, पिवळ्या दोऱ्याचं भरतकाम, मध्ये आरशाचे तुकडे, कडेने कवड्या आणि खाली लोकरीचे गोंडे.

कवडी आहे तशी शिवता येत नाही. तिची फुगीर पाठ आधी दगडावर घासून उडवावी लागते. पाठ गेली की ती कापडावर सपाट बसते, दातेरी चीर वर येते आणि पोकळीतून सुई आरपार जाते. घासताना जोर जास्त झाला तर कवडी दुभंगते, कमी झाला तर ती कापडावर डुलत राहते. म्हणून एकसारख्या आकाराच्या कवड्या आधी निवडून घ्याव्या लागतात, तेव्हा कुठे एक ओळ सरळ येते. अशा ओळींवर ओळी भरून गणो पुरा व्हायला किती संध्याकाळी जात असतील, याचा अंदाज सुई धरणाऱ्या कुणालाही येईल.

समुद्र शेकडो मैल दूर असलेल्या या जिल्ह्यात कवडी आली कशी? बंगाल आणि ओडिशात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत कवडी चलन म्हणून चालायची. मालदीवहून जहाजांत भरून ती येई आणि व्यापाऱ्यांच्या वाटांनी देशभर पसरे. चलन म्हणून ती मेली आणि मराठीत ‘कवडीमोल’, ‘फुटकी कवडी’ हे शब्द ठेवून गेली. देवीच्या दारात मात्र तिचं मोल उतरलं नाही. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्ह्यात माहूरची रेणुका. तिच्या भक्तांच्या आणि तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात आजही कवड्यांची माळ असते. भाषेने जिला फुकटात काढलं, तिला देवीने आणि तांड्यावरच्या बायकांनी गळ्यात बांधलं.

हेच हात बैलालाही सजवत आले. बंजाऱ्यांच्या बैलांच्या झुली आणि पट्टे कवड्यांनी भरलेले असत, आणि सासरी निघालेली नवरी बैलाच्या पाठीवर उभी राहून ‘हवेली’ नावाचं निरोपाचं गाणं म्हणे. आज जिल्ह्यातला कोणताही शेतकरी पोळ्याला बैलाची शिंगं रंगवतो, घागरमाळा बांधतो, झूल चढवतो, रंगीत गोंडे लावतो. कापूस पिकवणाऱ्या या जिल्ह्यात पोळ्याची सजावट फार जिव्हाळ्याने केली जाते. पोळ्याचा बैल आणि तांड्याचा गणो शेजारी ठेवून पाहावेत. गोंडा तोच, काच तीच, कवडी तीच. साज फक्त माणसापुरता नसतो, ही समज दोन्हींकडे सारखी आहे.

सोनाराच्या दुकानात नेमकं उलट घडलेलं दिसतं. तिथे शेतातल्या वस्तू सोन्यात उतरल्या: बोरांवरून बोरमाळ, ज्वारीच्या दाण्यांवरून जोंधळी पोत, तांदळाच्या दाण्यांची तांदळी पोत, बकुळीच्या फुलांचा बकुळी हार, जवाच्या आकाराचे जवमणी. एवढंच काय, सोन्याचं वजनसुद्धा रानातल्या बीने ठरे. ९६ गुंजा म्हणजे एक तोळा. शेत सोन्यात घडवायला पैसा लागतो. ज्यांच्याकडे तो नव्हता त्यांनी दाणा, बी, शिंपला हेच थेट अंगावर घेतलं.

मराठी घरांनाही हे परकं नाही. संक्रांतीला नव्या नवरीच्या आणि बोरन्हाणाच्या बाळाच्या अंगावर हलव्याचे दागिने चढतात. खसखस किंवा साबुदाणा परातीत मंद आचेवर घ्यायचा, साखरेच्या पाकाचा एकेक चमचा सोडायचा आणि बोटांनी फिरवत राहायचं. थंडी चांगली असेल तरच हलव्याला काटा येतो. मग तो हलवा धाग्यात गुंफून आणि सोनेरी कागदाच्या आधाराने त्याचा हार, बाजूबंद, बिंदी घडते. महालक्ष्म्यांसाठी कापसाची वस्त्रमाळ होते ती या जिल्ह्यात तर घरच्याच कापसाची: ओल्या बोटांनी पीळ, मध्ये फुगीर मणी, मण्यांच्या मधोमध कुंकू. ज्या जिल्ह्यात कापसाला पांढरं सोनं म्हणतात तिथे देवीच्या गळ्यात कापूस पडावा, हे किती रास्त आहे!

गुंजेबद्दल एक सांगायलाच हवं, कारण हल्ली बियांचे दागिने घरी करून पाहणारे बरेच आहेत. लालभडक, काळ्या ठिपक्याची गुंज मोहात पाडते, पण तिच्या आतला गर अतिशय विषारी असतो. कठीण सालीमुळे विष आत राहतं. ती भोक पाडताना किंवा चावल्यावर फुटली की धोका. लहान मूल असलेल्या घरात गुंजेची माळ नको आणि गुंजेला भोक पाडण्याचा खटाटोपही नको. त्याऐवजी रिठ्याची बी घ्यावी. ती काळीभोर आणि टणक असते, आणि घासली की चांगली चकाकते.

आता तांड्यावरचा खरा सल. घुगऱ्या आणि हार दरवर्षी मोडीत जातात. मुलीचं शिक्षण, दवाखाना, बियाण्याचे पैसे, कारण काहीही असो, सोनार चांदी वजनावर घेतो आणि घट कापतो. घडणावळीचा एक रुपया धरला जात नाही. पन्नास वर्षं एका बाईच्या गालावर रुळलेली घुगरी मुशीत वितळते आणि तिच्यासोबत तिचा आकारही जातो. त्याच वेळी शहरांतल्या प्रदर्शनांत ‘बंजारा’ नावाखाली ऑक्सिडाइज्ड हार आणि कवड्यांचे कानातले विकले जातात. आवड चांगलीच आहे, पण त्यात तांड्यावरच्या बाईचा हात किती, हे विकत घेणाऱ्याने विचारायला हवं. ऊसतोडीला किंवा शहरात मजुरीला गेलेल्या बाईला भरतकामाला वेळ उरत नाही, आणि आईने सुई धरली नाही तर लेकीला टाका कोण दाखवणार?

कर्नाटकातल्या सांडूरने वाट काढली. तिथल्या लंबाणी, म्हणजे बंजारा, भरतकामाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि जुलै २०२३ मध्ये हंपीला साडेचारशेहून अधिक कारागीर बायकांनी केलेल्या १,७५५ वस्तू एकत्र मांडून जागतिक विक्रम झाला. आपल्याकडे दिग्रसपासून जवळच, वाशीम जिल्ह्यातल्या पोहरादेवीला ५ ऑक्टोबर २०२४ रोजी बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. तिथे जुना साज नीट राहील. पण संग्रहालयाच्या काचेआड ठेवलेली वस्तू नवा टाका शिकवत नाही. तो तांड्यावरच, मजुरी देऊन शिकवला गेला पाहिजे. आणि मजुरी कवड्यांच्या भावाने नव्हे, बसलेल्या तासांच्या हिशेबाने.

सुरुवात करायला सामान फार लागत नाही. चार घासलेल्या कवड्या, जुन्या शर्टाच्या गुंड्या, लोकरीचा उरलेला गुंडा, कापडाचे दोन थर आणि पक्का दोरा एवढ्यावर कानातल्यांचा एक जोड होतो. अवघड असतं ते सामान बसवणं, आणि ते जुन्या गणोकडूनच शिकायचं. तो उलटा करून पाहावा. पुढून कवड्यांची शिस्तीची रांग दिसते. मागून विरलेल्या लुगड्याचा काठ, धोतराचा तुकडा, कधी अर्धं पुसलेलं छापील अक्षर असलेलं पोत्याचं कापड. त्यातून जाणारा प्रत्येक टाका आखूड, कसलेला आणि दुसऱ्याच्या इतकाच लांब.