'पुस्तकात आहे' म्हणजे नक्की कुठे आहे?

तुंगार्लीत आमचा छोटासा वाचन-गट आहे. सात-आठ जण, महिन्याला एक पुस्तक. भेटतो आठवड्याच्या मधल्या वारी, कारण शनिवार-रविवारी लोणावळ्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांतून वाट काढत वेळेवर पोहोचणं हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. या वेळी आम्ही टिमथी झानची 'एअर टू द एम्पायर' वाचली. ही 'स्टार वॉर्स'ची कादंबरी, 1991 ची. तिच्यावर जी चर्चा झाली ती पीएचडीच्या तयारीला लागलेल्यांनी ऐकायला हवी होती, म्हणून इथे मांडतोय.

आधी पुस्तकाबद्दल थोडं. ही फ्रँचायझी कादंबरी आहे. म्हणजे जग, मुख्य पात्रं, मागचा इतिहास हे सगळं आधीच ठरलेलं, मालकी दुसऱ्याची आणि लेखकाने त्यात आपली गोष्ट बसवायची. 1983 साली आलेल्या 'रिटर्न ऑफ द जेडाय' चित्रपटानंतर पाच वर्षांनी हे कथानक घडतं. झानने नवा खलनायक आणला, ग्रँड अ‍ॅडमिरल थ्रॉन. राजधानीच्या ग्रहाला त्याने दिलेलं कोरुसांट हे नाव पुढे चित्रपटांनीही उचललं. (जाता जाता: झान स्वतः भौतिकशास्त्रात पीएचडी करत होता. मार्गदर्शक वारले, प्रबंध पुरा झाला नाही आणि तो पूर्णवेळ लेखक झाला. तुमच्या मार्गदर्शकांच्या तब्येतीची विचारपूस करत जा.)

थ्रॉनची खासियत म्हणजे तो शत्रूची चित्रं आणि शिल्पं अभ्यासतो आणि त्यावरून शत्रू लढाईत कुठे गोंधळेल ते ओळखतो. पहिल्याच प्रकरणात तो असा एक हल्ला परतवतो. गटातल्या निवृत्त शिक्षिका, आम्ही सगळे त्यांना बाई म्हणतो, इथेच अडल्या. "अख्ख्या जमातीची कला एकाच मनातून येते का? वारली चित्रं बघून कोणी माझा स्वभाव सांगेल का?" प्रश्न अगदी बरोबर होता. थोड्या नमुन्यावरून सगळ्या समूहाबद्दल विधान करणं हा दोष आपल्या प्रबंधात दिसला तर तोंडी परीक्षेत कोणी सोडणार नाही. कादंबरीत ते चालतं, कारण थ्रॉनचा अंदाज खरा ठरवणारा लेखकच आहे.

यावर अभियांत्रिकीला असलेला एक मुलगा म्हणाला, "पण बाई, थ्रॉन तसा नाहीये. पुढे तो आपल्या लोकांना वाचवायला हे सगळं करतोय असं आहे ना."

बाईंनी शांतपणे विचारलं, "कुठल्या पानावर?"

त्या पुस्तकात ते कुठल्याच पानावर नव्हतं. ते त्याने नंतरच्या कादंबऱ्यांतून आणि अ‍ॅनिमेशन मालिकेतून घेतलेलं होतं. त्याच्या मनात थ्रॉन एकच होता. आमच्या हातातल्या पुस्तकात मात्र त्यातला एक तुकडाच होता.

मग भानगड वाढली. 2012 साली डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतली आणि एप्रिल 2014 मध्ये जाहीर झालं की आधीच्या कादंबऱ्या यापुढे अधिकृत कथेचा भाग नाहीत, त्या 'लेजेंड्स'. म्हणजे आमचं पुस्तक रद्द! गंमत म्हणजे 2016 मध्ये थ्रॉन 'रेबल्स' मालिकेतून अधिकृत जगात परत आला आणि 2017 मध्ये झाननेच त्याच्यावर नवी कादंबरी लिहिली. आता 'थ्रॉन असा वागतो' या वाक्यातला थ्रॉन कोणता, हे सांगितल्याशिवाय ते वाक्य तपासताच येत नाही.

बाई म्हणाल्या, "यात नवीन काय? आपलं महाभारत बघा की." आणि खरंच. आपण 'मृत्युंजय' वाचतो तेव्हा कर्ण आधीच माहीत असतो. पण तो कुठून माहीत असतो? आजीकडून, कीर्तनातून, दूरदर्शनवरून. पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने 1919 ते 1966 एवढा काळ खर्ची घालून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली. 1925 पासून वि. स. सुकथनकर तिचे प्रमुख संपादक होते. 1,259 हस्तलिखितं तपासली गेली. गणपती लेखनिक झाल्याची गोष्ट त्यांनी मूळ संहितेत न ठेवता परिशिष्टात टाकली. स्वयंवरात द्रौपदी कर्णाला 'सूतपुत्राला वरणार नाही' म्हणते, तेही मुख्य संहितेत नाही. आपल्या सगळ्यांच्या मनात मात्र ते पक्कं बसलंय.

दोन्हीकडे कोणीतरी ठरवलं की यातलं काय अधिकृत. एका ठिकाणी ज्याच्याकडे हक्क आहेत त्याने, एका पत्रकात. दुसऱ्या ठिकाणी हस्तलिखितं शेजारी शेजारी ठेवून, पाठभेद तळटिपांत छापून, म्हणजे वाचकाला संपादकाशी भांडता येईल अशी सोय करून. संशोधक म्हणून मला दुसरी पद्धत जवळची वाटते, हे लपवत नाही.

आता याची दुसरी बाजू, जी नवीन विद्यार्थ्यांकडून हमखास सुटते. समजा तुमचा विषय थ्रॉन नसून आमचा वाचन-गटच आहे. मग त्या मुलाचं वाक्य चूक राहत नाही. तो तुमचा डेटा होतो! वाचक एका पुस्तकात दुसरी पुस्तकं कशी मिसळतो, हेच तर शोधायचंय. जॅनिस रॅडवेने 'रीडिंग द रोमान्स' (1984) मध्ये प्रणय कादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून असाच अभ्यास केला. त्या बायकांच्या लेखी गोष्टीइतकंच, घरकामातून काढलेला तो स्वतःचा वेळ महत्त्वाचा होता. नुसती पुस्तकं चाळून हे कळलं नसतं. एलिझाबेथ लाँगने पुढे ह्यूस्टनच्या वाचन-गटांवर पुस्तक लिहिलं (2003). अशा कामाला गटाची आधी संमती घ्यावी लागते. चहा पिता पिता कानावर पडलेलं प्रबंधात घालता येत नाही, त्यामुळे या लेखातली माणसंही विचारूनच आली आहेत.

म्हणून संशोधन आराखड्यात 'मी स्टार वॉर्समधील थ्रॉनचा अभ्यास करणार' असं लिहू नका. 'महाभारतातील द्रौपदी'ही नको. कोणती आवृत्ती, कोणत्या वर्षापर्यंतचं साहित्य, आणि आधार संहितेचा की वाचकांच्या बोलण्याचा, हे पहिल्या पानावर येऊ द्या. समितीचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो.

त्या मुलाने घरी जाऊन आपलं म्हणणं दोन ओळींत परत लिहून गटावर टाकलं: 1991 च्या कादंबरीत थ्रॉनचा हेतू साम्राज्य परत उभं करणं एवढाच दिसतो, त्याच्या लोकांचा मुद्दा नंतरच्या पुस्तकांत येतो. बाईंनी उत्तर पाठवलं, "आता वाद घालू."