गव्हाचे रानटी पूर्वज

चपातीच्या आणि पावाच्या गव्हाच्या प्रत्येक पेशीत 42 गुणसूत्रे असतात, पण ती सगळी एका घराण्यातली नाहीत. सात-सात जोड्यांचे तीन संच त्यात नांदतात. ए, बी आणि डी या नावांनी ओळखले जाणारे हे संच पश्चिम आशियातल्या तीन निरनिराळ्या रानगवतांकडून आले आहेत.

या शोधाची सुरुवात मोजणीतून झाली. 1918 मध्ये जपानच्या तेत्सु साकामुरा यांनी दाखवले की गव्हाच्या जातींमध्ये 14, 28 किंवा 42 गुणसूत्रे असतात. हितोशी किहारा यांनी पुढे जातींचे संकर करून, कोणती गुणसूत्रे एकमेकांशी जोड्या लावतात ते पाहिले. जोडी जमली तर नाते जवळचे. 1944 मध्ये त्यांनी डी संचाचे मूळ इजिलॉप्स टाउशी या गवतात असल्याचे सांगितले. त्याच वर्षी अमेरिकेत मॅकफॅडन आणि सीअर्स स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षावर पोहोचले. 28 गुणसूत्रांचा गहू आणि हे गवत यांच्या संकरातून त्यांनी 42 गुणसूत्रांचे रोप घडवले. ते स्पेल्ट या जुन्या युरोपीय गव्हासारखे दिसत होते. पूर्वजाचा याहून ठोस पुरावा मिळणे कठीण.

ए संच ट्रिटिकम उरार्तू या रानगव्हाचा. बी संच इजिलॉप्स स्पेल्टॉइडिस या गवताच्या जवळचा, पण आज ज्ञात असलेल्या कोणत्याही गवताशी तो तंतोतंत जुळत नाही. या दोघांचा संकर शेती सुरू होण्याच्या लाखो वर्षे आधी, रानातच झाला. एरवी असा संकर वांझ ठरतो; इथे गुणसूत्रांची संख्या दुप्पट झाली आणि बी धरू लागले. त्यातून निर्माण झालेला रानटी एमर गहू 1906 मध्ये ॲरन ॲरनसन यांना गॅलिलीतल्या रोश पिन्ना गावाजवळ उगवलेला सापडला.

रानगव्हाची ओंबी पिकताच तिचा कणा तुटतो आणि दाणे विखुरतात. कणा ठिसूळ करणारी जनुके बिघडली तेव्हा दाणे ओंबीवरच टिकले, आणि तीच रोपे कापणी करणाऱ्यांच्या हाती लागली. अशी पिके कुठे माणसाळली, याचाही माग डीएनए देतो. 14 गुणसूत्रांच्या आइनकॉर्न गव्हाचे सर्वांत जवळचे रानटी नातेवाईक आग्नेय तुर्कस्तानातल्या काराजादा डोंगरावर असल्याचे 1997 मध्ये आढळले. एमरची कहाणी इतकी सरळ नाही. त्याच्यात अनेक ठिकाणच्या रानगव्हांचे अंश मिसळले आहेत.

तिसरा संच मात्र शेतातच आला. एमरची लागवड कॅस्पियन समुद्राच्या नैर्ऋत्येला पोहोचली, तिथे टाउशी गवताशी त्याचा संकर झाला. ही घटना साधारण आठ ते दहा हजार वर्षांपूर्वीची. म्हणूनच 42 गुणसूत्रांचा गहू रानात कुठेही आढळत नाही. महाराष्ट्रातला खपली म्हणजे एमरच. त्याच्यात आणि बन्सी गव्हात डी संच नाही. पावाची कणीक लवचीक होते त्यात डी संचातल्या प्रथिनांचा मोठा वाटा असतो.

2018 मध्ये 42 गुणसूत्रांच्या गव्हाचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला: सुमारे 1600 कोटी अक्षरे, म्हणजे माणसाच्या जनुकसंचाच्या पाचपट, आणि एक लाखाहून अधिक जनुके. त्या जुन्या संकरात टाउशीची मोजकीच रोपे सहभागी झाली, त्यामुळे डी संचातली विविधता फारच तोकडी आहे. रानात मात्र ती भरपूर आहे. युगांडात 1998-99 च्या सुमारास आढळलेल्या युजी99 या घातक तांबेऱ्याला रोखणारे एसआर33 हे जनुक टाउशीतूनच मिळाले. मेक्सिकोतील आंतरराष्ट्रीय गहू-मका संशोधन केंद्र तर हा प्राचीन संकर नव्याने घडवून त्याची रोपे पैदाशीसाठी वापरते.

तेव्हा रानगवतांचे बी जपणे ही पुढच्या पिकाची तरतूद आहे. सीरियातील अलेप्पोजवळच्या बीजपेढीत गव्हाच्या रानटी नातेवाइकांचा मोठा साठा होता. युद्धामुळे तिथे काम करणे अशक्य झाले, तेव्हा 2015 मध्ये नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरील बियाण्यांच्या तिजोरीत ठेवलेल्या त्याच्या जोडनमुन्यांतून बियाणे काढण्यात आले आणि लेबनॉन व मोरोक्कोत ते पुन्हा पेरण्यात आले.